पहिल्या बक्षिसाच्या पावलावरचा खड्डा

वहिनी, अध्यक्षसाहेब, नवे डॉक्टर, अन् इथं जमलेली सारी मंडळी हो,

मले बोलता येत नाही. लाजून नाही सांगत, खरं सांगून राह्यलो. माझी सारी उमर जकात नाक्यावर गेली. तिथं भाषणाचं काम नसते. गाठोडं दिसलं की सोडायचं, डबा दिसला की झाकण काढायचं, अन् माणूस जास्त हसला की त्याच्या पिशवीकडे पाहायचं. तुम्ही सारे मले नाकेदार म्हणता. माझं नाव मधुकर आहे, हे निम्म्या मलकापूरले माहीत नसन. अशा माणसाले तुम्ही उभं केलं, अन् म्हणता डॉक्टर इंगळ्यांबद्दल दोन शब्द बोला. दोन शब्द कुठून आणू?

माझ्या आधी बरेच जण बोलले. कोणी म्हटलं देवमाणूस. कोणी म्हटलं गरिबाची माय. अन् जो तो म्हणे, आपले डॉक्टर. आपले डॉक्टर. मी मागं बसून ऐकत होतो अन् बोलणाऱ्याचं तोंड पाहत होतो. सवय आहे, जात नाही. आपले, कधीपासून हो? तुमच्यापैकी किती जण त्यायच्या घरी पाणी प्यायले? दवाखान्यात सुई टोचून घेतली, ते नका सांगू. घरी. ओसरीवर बसून, वहिनींच्या हातचं. मी नाव नाही घेत कोणाचं. ज्याचं त्याले माहीत आहे.

वहिनी, माफ करा. आजच्या दिवशी असं बोलू नये. पण डॉक्टर असते तर म्हटले असते, बोला नाकेदार, पोटात ठेवू नका.

अन् एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. बोलता बोलता माझी नजर घडीघडी तिसऱ्या रांगेत जाईल. तिथं हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली आहे, मांडीवर लेकरू आहे. बाई, तुमचं-माझं भांडण नाही. काऊन पाहतो ते शेवटी सांगतो. तोवर बसा, उठून जाऊ नका.

डॉक्टर मलकापुरात आले तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमच्या नाक्याच्या पाटीवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. स्टेशनाकडून टांगा आला. टांग्यात एक सावळा, उंच माणूस. ट्रंक मागं, वळकटी मागं, अन् एक लाकडाची पेटी मांडीवर. माणूस सगळं सामान मागं टाकतो अन् एकच पेटी मांडीवर धरतो, तर त्या पेटीत काय असते? मी म्हटलं, उतरा. पेटी खोला.

ते म्हणे, मी सरकारी दवाखान्याचा नवा डॉक्टर. मी म्हटलं, असाल. पेटी खोला.

खोलली. आत लाकडाचा भुसा, भुशात काचेची बरणी, बरणीत कसलं तरी औषधाचं पाणी, अन् पाण्यात एक गोळा. पिवळा. गायीच्या लोण्याचा असावा तसा पिवळा. मी विचारलं, काय आहे. म्हणे, कलेजी. बकऱ्याची का? म्हणे, नाही. मग बरणीवरचा भुसा झटकत म्हणे, एका लेकराची आहे. ते लेकरू आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात वारलं. मास्तरांनी मले शिकायले दिली, मी ती लोकायले दाखवणार आहे.

मी एक पाऊल मागं सरलो, खोटं काऊन बोलू. पण डोकं नाक्यावरचं. मी विचारलं, कलेजी तर लाल राहते. ही पिवळी काऊन? तेव्हा त्यायनं माझ्याकडे नीट पाह्यलं. म्हणे, नाकेदार, नागपूर सोडल्यापासून जो पाहते तो नाक दाबते. तुम्ही पहिले, ज्यायनं रंग विचारला.

जकातीच्या तक्त्यात असल्या मालाची ओळ नव्हती. जाऊ दिलं. पण बाजूले दोन हमाल उभे होते, त्यायनं पाह्यलं. अन् संध्याकाळच्या आत साऱ्या बाजारात झालं, नवा डॉक्टर लेकरायच्या कलेज्या काढतो. आठवते ना? बायका दवाखान्यासमोरून जाताना लेकराचं पोट पदरानं झाकत. आज त्याच बायका पुढं बसून डोळे पुसून राह्यल्या. पुसा. मी काही म्हणत नाही.

आता माझ्या कुसुमची गोष्ट. कुसुम, तू तिकडे माठापाशी उभी आहे, अन् तुले हे आवडत नाही, मले ठाऊक आहे. तरी सांगणार. दुसऱ्या कोणाची गोष्ट मी सांगितली तर लोक म्हणतील नाकेदार रचून सांगते.

कुसुम चालायले लागली अन् तिच्या मायले पुन्हा दिवस राह्यले. आपल्याकडची रीत तुम्हाले माहीत आहे. पोटुशीचं दूध आधीच्या लेकराले बाधते म्हणतात, तर त्याच दिवशी तोडायचं. माझ्या मायनं तोडलं. मग पोरीले काय द्यायचं? अरारूट. साबुदाण्याची पेज. साखरेचं पाणी. डाळ? डाळ नाही, दात येऊन राह्यले, डाळ बाधते. म्हशीचं दूध? कफ होते. अंडं तर नावच नका घेऊ. अन् माझ्या घरी काही कमी होतं का हो? कोठीत तूर होती, हरभरा होता, भुईमुगाच्या शेंगायची पोती होती. सारं होतं. फक्त तिच्या वाटीत नव्हतं.

अन् पोरगी काय दिसायले लागली म्हणता. गाल गोल. हातपाय भरलेले. मूळची माझ्यासारखी काळी, ती उजळायले लागली. केस भुरके झाले, मेमसाहेबाचे असावेत तसे. माझी माय म्हणे, आजोळावर गेली, गोरी होऊन राह्यली. अन् गुणाची किती. रडणं नाही, हट्ट नाही, ठेवली तिथं बसते. शेजारच्या बाया पाहायले येत. माझी माय मीठमिरची ओवाळून टाके, नजर लागू नये म्हणून.

मंडळी, मी नाक्यावर येणाऱ्या परक्या माणसाच्या टोपीवर संशय घ्यायचो. अन् माझ्या घरात एक लेकरू खेळत नाही, मागत नाही, रडत नाही, याच्यावर घरातल्या कोणालेच संशय आला नाही. मायेच्या माणसावर संशय घ्यायची आपली रीतच नाही ना.

त्या साली बाजारातल्या एका मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. ते मंडळ आता नाही, नाव सांगून काय करू. कापसाच्या आवारात मांडव, अडतीवरचा मोठा काटा, पारड्यात गोधडी. एकेक लेकरू ठेवायचं, वजन पुकारायचं. कुसुम पहिली. दुसरा नंबर नानासेठच्या नातवाचा. नानासेठ म्हणजे तेव्हाचे मोठे अडते. आता नाहीत, चांगला माणूस होता. पण डॉक्टर राहायचे त्यायच्याच एका घरात, भाड्यानं. हे ध्यानात ठेवा.

बक्षीस द्यायले डॉक्टरायले बोलावलं होतं. पितळेची वाटी, चमचा अन् हार. त्यायनं वाटी हातात घेतली, कुसुमकडे पाह्यलं, अन् वाटी परत टेबलावर ठेवली. खाली बसले. मातीत, पांढऱ्या पॅंटसकट. अन् माझ्या पोरीच्या पावलावर अंगठा ठेवला. दाबला. धरून ठेवला. मग काढला.

खड्डा पडला होता. भिजवलेल्या कणकेत बोट दाबलं की पडते तसा. अन् तो भरे ना. मी पाहत होतो, तिची माय पाहत होती, तो भरे ना.

डॉक्टर उठले. माईक नव्हता, पण मागपर्यंत ऐकू गेलं. "बक्षीस राहू द्या. हे लेकरू बाळसेदार नाही. हे लेकरू उपाशी आहे."

नाकेदाराची पोरगी उपाशी! भर बाजारात! मंडळी, डोक्यात असा भडका उठला. मी म्हटलं, समजलं. सेठच्या घरात राहता, सेठच्या नातवाले पहिलं करता. भाड्याचं काय ठरलं डॉक्टर? सारा मांडव हसला. मले वाटलं आता हा माणूस चिडीन, नाहीतर खाली पाहीन. चोराचे हेच दोन प्रकार मी पाह्यले होते.

ते ना चिडले, ना खाली पाह्यलं. म्हणे, "संशय घेता ना, चांगलं करता. पण अर्धा नका घेऊ. माझ्यावर घेतला, आता त्या पावलावरही घ्या."

हे त्यायचं वाक्य. अजून मले झोपेतून उठवते. अर्धा नका घेऊ.

घरी गेलो. आधी स्वतःच्या पायावर अंगठा दाबला. लगेच भरला. मायच्या पायावर दाबला, ती म्हणे काऊन रे, लाड आला का. भरला. शेजारच्या म्हादूले बोलावलं, त्याचा दाबला. गायीचाही दाबून पाह्यला, तिनं लाथ मारली. साऱ्यायचे भरले. मग कुसुमचा दाबला. तुम्ही समजून घ्या.

सकाळी दवाखान्यात गेलो. पोरगी खांद्यावर. गेलो, पण मान खाली घालून नाही. नाक्यावर एखाद्याची जबानी घ्यावी तसा समोर बसलो. म्हटलं, सांगा. ही जाडी दिसते अन् तुम्ही उपाशी म्हणता. पटवा.

डॉक्टरायनं ती बरणी काढली. टेबलावर ठेवली. म्हणे, तुम्ही रंग विचारला होता. तर ही चरबी आहे. लेकरू हाडाचा सापळा, अन् कलेजी चरबीनं भरलेली. मी म्हटलं, हे तर अजूनच खोटं वाटते. उपाशी लेकराच्या पोटात चरबी आली कुठून?

तर म्हणे, नाकेदार, कापसाच्या जिनात रुई पडते, ती मुंबईले कशी जाते? म्हटलं, गाठी बांधून. म्हणे, गाठ कशानं बांधतात? म्हटलं, गुंडाळायले बारदान लागते, आवळायले लोखंडी पट्टी लागते. म्हणे, अन् बारदान संपलं तर? म्हटलं, तर काय, सुटी रुई वॅगनीत कोण भरू देईन, आवारात ढीग लागते. म्हणे, बस. हेच.

मग त्यायनं समजावलं. चरबी पाण्यात विरघळत नाही, रक्तातून तिले सुटी नेता येत नाही. तिले बांधून पाठवावं लागते. ते बांधायचं काम कलेजीचं. बांधायचं बारदान कलेजी स्वतः बनवते, अन् ते बनते प्रथिनातून. प्रथिन म्हणजे डाळीत, दुधात, शेंगदाण्यात, अंड्यात जे असते ते. तुम्ही पोरीले अरारूट देता, साखर देता. त्या साखरेतून कलेजी चरबी बनवतच राह्यली. अंगातली थोडीबहुत चरबीही तिथंच येते. माल येऊन राह्यला. पण बारदान बनवायले सामान नाही. तर माल जाईन कुठं? आवारात ढीग. तो हा पिवळा ढीग.

अन् अंगावरची सूज? म्हणे, रक्तात पाणी धरून ठेवायचं एक प्रथिन असते, तेही कलेजीच बनवते. तेही कमी पडलं. मग पाणी रक्तातून झिरपते अन् पायात उतरते, गालात उतरते. तुम्ही ज्याले बाळसं म्हणता ते पाणी आहे. काट्यावर पाण्याचं वजन झालं.

मंडळी, मी शिकलेला माणूस नाही. पण नाक्यावर एक गोष्ट मी शिकलो. जिथं माल आत येतो तेवढा बाहेर जात नाही, तिथं आत काहीतरी गोम असते. ही गोष्ट मले कोणी समजवायची गरज नव्हती. त्यायनं कुसुमले टेबलावर झोपवलं, माझा हात धरला अन् तिच्या उजव्या बरगडीखाली ठेवला. खाली, पार खाली, एक मऊ कड लागली. ती तिथं नसायले पाहिजे होती.

मी विचारलं, हे तुम्हाले पक्कं माहीत आहे? म्हणे, नाही. डाळ-दूध दिलं की लेकरू सुधारते, हे पाह्यलं आहे. बारदानाचं मोठ्या मोठ्या लोकांत अजून भांडण चालू आहे. तो माझा संशय आहे. संशय हा शब्द त्यायनं वापरला. त्या शब्दावर मी त्यायचा झालो. जो डॉक्टर म्हणते मले पक्कं माहीत आहे, त्याच्याकडे मी लेकरू ठेवलं नसतं.

त्यायनं सांगितलं, आधी थोडं थोडं दूध. पचलं की भाजलेला हरभरा अन् भाजलेले शेंगदाणे दळून, गूळ घालून, पातळ शिजवून. वहिनी ते पीठ घरी दळत. एक डबा त्यायनं माझ्या हातात दिला. घरी नेला तर माझ्या मायनं विचारलं, हे कोणाच्या घरचं? मी सांगितलं. तिनं डबा उंबऱ्याच्या बाहेर ठेवला. म्हणे, आधीच पोरीले लिव्हरचं दुखणं झालं, त्यात त्यायच्या हातचं खाऊ घालतो?

हे मी आज सांगून राह्यलो, कारण वहिनी समोर बसल्या आहेत अन् त्यायले हे तेव्हाच कळलं होतं. त्यायनं काय केलं ठाऊक आहे? डबा परत घेतला अन् फळीवर ठेवला. अन् दुसऱ्या दिवशी डॉक्टरायनं मले सांगितलं, तुमच्याच हरभऱ्याचं, तुमच्याच जात्यावर, तुमच्या आईच्या हातानं दळा. पण दळा. माझा मान महत्त्वाचा नाही, पोरगी महत्त्वाची. एवढं बोलले अन् पुढचा पेशंट बोलावला.

मायनं दळलं. तोंड वाकडं करून दळलं, पण दळलं.

अन् मग काय झालं, ते ऐका. पोरगी सुकायले लागली.

हाव. सुकायले लागली. गाल बसले. हात काड्या झाले. बरगड्या मोजून घ्या. जी पोरगी काट्यावर पहिली आली होती, तिचं वजन उतरत चाललं. बाजार तर टपूनच होता. म्हणे, पाह्यलं? म्हणे, आधी बक्षीस खाल्लं, आता कलेजी खाऊन राह्यला. माझी बायको रडे. माझी माय म्हणे, चांगली भरलेली पोरगी होती, या डॉक्टरनं पिळून काढली. मंडळी, तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? तुमच्या डोळ्यांसमोर लेकरू सुकून राह्यलं, अन् औषध देणारा म्हणते, ठीक चाललं आहे.

मी कपडे धुवायचा सोटा घेऊन गेलो. होय, सोटा घेऊन. दवाखान्याच्या दारात उभा राह्यलो. म्हटलं, वजन काऊन उतरलं?

डॉक्टरायनं सोट्याकडे पाह्यलं. म्हणे, पाणी उतरून राह्यलं. वजन उतरायलाच पाहिजे. ही तुमची खरी पोरगी, आतापर्यंत पाण्यात लपली होती. मग विचारलं, रडते का? म्हटलं, नाही. म्हणे, मग मलेही अजून काळजी आहे. रडली की मले सांगा. रात्री रडली तर रात्री सांगा.

असा डॉक्टर पाह्यला का कोणी? सारे डॉक्टर लेकराचं रडणं थांबवायले औषध देतात. हा म्हणते, रडली की बोलवा.

तिसऱ्या रांगेतल्या बाई, बसा, बसा. झालंच आता.

एक दुपार. मी जेवायले घरी आलो होतो. माझी माय कुसुमले ते पीठ चारत होती. एक घास गेला, दुसरा गेला, मायनं वाटी जरा बाजूले केली. अन् कुसुमनं तोंड उघडलं. असा टाहो फोडला, अशी किंचाळली, वाटीवर झडप घातली, वाटी उडाली, पीठ माझ्या मायच्या तोंडावर. अन् माझी माय, जिनं तो डबा उंबऱ्याबाहेर ठेवला होता, ती पिठानं भरलेल्या तोंडानं हसून राह्यली अन् रडून राह्यली. मी ताटावरून उठलो. तसाच, उष्ट्या हातानं, दवाखान्यात. म्हटलं, डॉक्टर, रडली. शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. डोळे मिटले. म्हणे, बारदान आलं बाप्पा, बारदान आलं.

त्याच्यानंतर मी नाक्यावर काय करायचो, हे मलकापूरच्या जुन्या माणसायले माहीत आहे. पावती फाडता फाडता लेकरायचे पाय दाबायचो. बायका म्हणत, नाकेदार खुळा झाला, आता लेकराच्या पायावरही जकात लावतो. लावतो म्हटलं. ज्याच्या पायात खड्डा राह्यला त्याची गाडी थेट दवाखान्यात वळवायचो. कितीतरी वळवल्या. काही लेकरं उशिरा आली, ती गेली. डॉक्टर त्या दिवशी जेवत नसत. वहिनी, हे तुम्हीच मले सांगितलं होतं.

अन् या माणसाले तुम्ही देवमाणूस म्हणता. देव विश्वास ठेवा म्हणते. हा माणूस कोणावर विश्वास ठेवत नव्हता. गोऱ्या कातडीवर नाही, गोल गालावर नाही, गुणाच्या लेकरावर तर बिलकुल नाही. स्वतःच्या बोलण्यावरही नाही. परवा-परवापर्यंत मुंबईहून कागद मागवत, वाचत, अन् मले सांगत, नाकेदार, आपलं बारदानाचं खरं निघून राह्यलं असं दिसते, पण थांबा, अजून पाहू.

पण एका ठिकाणी चुकले. मी आज रागावलो आहे मंडळी, दुःखापेक्षा मले राग आला आहे. मागच्या दिवाळीले ते ओसरीवर बसले होते. बूट काढले, मोजे काढले. मोज्याचा वळ पायावर खोल. मी म्हटलं, डॉक्टर, हा वळ काऊन जात नाही? म्हणे, मोजे आवळ आहेत. मी खाली बसलो, अंगठा दाबला. खड्डा राह्यला. मी म्हटलं, हे पाहा, तुम्हीच शिकवलं. ते हसले, म्हणे, अहो, हे लेकरायचं नाही, हे म्हातारपणाचं, हृदय थोडं थकलं. मी म्हटलं, नागपूरले चला, मी येतो बरोबर. म्हणे, जाऊ, रब्बीच्या पेरण्या झाल्या की जाऊ, पेरणीत लेकरं जास्त येतात. वहिनींनी सांगून पाह्यलं. मी भांडलो. तुमच्यावरच काऊन नाही घेत संशय, म्हणून भांडलो. त्यायनं मोजे परत घातले अन् विषय बदलला.

साऱ्या जगावर पुरा संशय घेतला. अन् स्वतःवर, डॉक्टरसाहेब? अर्धाही नाही घेतला.

परवा सकाळी कोणी सांगितलं, डॉक्टर गेले. माझा विश्वास बसला नाही. मी जाऊन नाकापुढं हात धरला. लोक म्हणे, नाकेदार, आता तरी पुरे. हाव, आता पुरे.

बोलणं संपवतो. आता अध्यक्षसाहेब म्हणतील, उभे राहा, शांतता पाळा. माझं एक ऐका. उभे राहू नका. बसूनच राहा. ज्याच्या मांडीवर लेकरू आहे, त्यानं लेकराच्या पावलावर अंगठा ठेवावा. ज्याच्या नाही, त्यानं शेजारच्याच्या लेकराचा पाय धरावा. कोणाचा आहे ते विचारू नका. दुखू देऊ नका, पण दाबा, अन् मी सांगतो तोवर सोडू नका. डॉक्टर असेच चूप बसायचे. हीच आपली शांतता.

दाबा.

आता सोडा. अन् पाहा. लगेच नजर काढू नका, पाहत राहा.

बाई, हिरव्या लुगड्यातल्या. पदर नका टाकू पायावर. मघापासून हा भोंगा तुमच्या लेकराच्या कानाशी ओरडून राह्यला, साऱ्या सभेतली लेकरं रडली, तुमचं हललं नाही. म्हणून पाहत होतो मी. काय दिसलं? बोला, कोणी हसणार नाही इथं. नाही भरला?

रडू नका. तुम्ही काही वाईट केलं नाही. चांगलंच दिसत होतं ना, गोरं, गोल, गुणाचं? आमचंही तसंच दिसत होतं. नवे डॉक्टर, तुम्ही या जरा तिकडे, लेकरू पाहा. कुसुम, माठ सोड, बाईजवळ जा. तिले तुझे पाय दाखव. हाव, सगळ्यांसमोर दाखव, आज लाजू नको.

वहिनी, तुम्ही बसा. आज तुम्ही नका उठू. उठल्याच. मंडळी, वाट द्या त्यायले, दळलेलं पीठ घरात असतेच त्यायच्या.

बाई, इकडे पाहा. आधी हे डॉक्टर तपासतील, मग ते सांगतील तेवढंच थोडं थोडं. पीठ वहिनींच्या घरचं आहे, त्यायच्या हातचं. चालीन ना तुम्हाले?

जोरात बोला, मागं ऐकू येत नाही.

हाव म्हणते. ऐकलं सगळ्यायनं? हाव म्हणते ती.

डॉक्टरसाहेब, या नाकेदाराचा नमस्कार घ्या.